मी हसलो ती दुपार

माझ्या आईचा आवाज ऐकून लोक हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. आई तेव्हा हयात नव्हती. ज्याने तिचा आवाज जपून त्या खोलीत आणला होता तो माणूस माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता. लोक का हसले, असं त्याने मला विचारलं, आणि मी त्याला खोटं सांगितलं. पुढे त्याने आणखी एक प्रश्न विचारला, तेव्हा पुन्हा खोटं सांगितलं.

तो ब्राझीलचा. आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला नवीन आलो तेव्हा त्याचं आणि आमचं अपार्टमेंट लागून होतं, मधली भिंत एकच. इथल्या भिंती म्हणजे पुठ्ठा. त्याची गिटार आम्हाला ऐकू यायची आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्याला. मुलगा झाला तेव्हा आई मदतीला आली आणि हिवाळाभर राहिली. बायको कामावर परत गेल्यावर आई दिवसभर बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची आणि पाळणा म्हणायची. तो तिला तिच्या आजोळी मिळाला होता. निम्मे शब्द विसरलेले, आणि विसरलेल्या जागी नुसतं गुणगुणणं.

एका संध्याकाळी मी घरी आलो तर आई दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, भिंतीत कुणीतरी आहे. मी म्हणायला लागले की तो वाजवतो. मी थांबले की थांबतो."

"आई, शेजारी राहतो तो. सांगू का त्याला बंद कर म्हणून?"

"नको रे. सूर चांगला आहे त्याचा."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच दारात उभा राहिला, हातात मक्याचा केक घेऊन. त्यानंतर तो हिवाळाभर आमच्या स्वयंपाकघरात येत राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आई त्याला रोज विचारायची, "जेवलास का?" ते त्याने पाठ केलं आणि पुढे जो मराठी माणूस भेटेल त्याला तो नमस्काराऐवजी "जेवलास का?" म्हणायचा. एका छोट्या रेकॉर्डरवर त्याने आईचा पाळणा टिपून घेतला. मागे फोडणीची चुरचुर आहे, बाळाची कुरकुर आहे, आणि मध्येच आईचं "अगं बाई, दूध!" आहे.

त्याची हकीकत मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागातलं गाव. बाप जत्रेत अकॉर्डियन वाजवायचा, आणि रविवारी हाच मुलगा चर्चमध्ये ऑर्गनवर बसायचा. पाद्री म्हणायचा, तुझ्या भजनाला नाचाचा वास येतो. बाप म्हणायचा, तुझ्या नाचाला मेणबत्तीचा वास येतो. तरुणपणी एका बँडबरोबर अमेरिकेत आला, बँड फुटला, हा राहिला. जॅझ क्लबमध्ये वाजवलं, लग्नांत वाजवलं, व्हायोलिनवाल्यांसाठी चौघांनी मिळून वाजवायच्या रचना लिहिल्या, शाळेत मुलांना शिकवलं. स्वतःच्या सीड्या तो गाडीच्या डिकीतून विकायचा. जॅझवाले म्हणत हे लोकसंगीत आहे, लोकसंगीतवाले म्हणत हे जॅझ आहे, आणि हा आमचे सूर चोरतो, असं दोघंही म्हणत. तो हसून म्हणायचा, "मी सगळ्या घरांत पाहुणा आहे, दोस्त. फायदा असा की भांडी घासायला कुणी सांगत नाही." पण एकदा विमानतळावरून त्याला आणत असताना तो गंभीरपणे म्हणाला होता, की आयुष्यात एकदा तरी कुठल्यातरी घरातल्या वडीलधाऱ्याने आपल्याला सांगावं, तू चोर नाहीस, ये आत.

आई भारतात परतली आणि काही वर्षांनी गेली. आम्ही तोवर घर घेतलं होतं. बेसमेंटमध्ये जाजम घालून आम्ही गाण्याच्या बैठका करायचो. अशाच एका रविवारी दुपारी पुण्याहून अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेले एक ज्येष्ठ गवई आमच्याकडे गायले. गाणं अप्रतिम झालं. चहाच्या वेळी बायको म्हणाली, "गुरुजी, आमचे एक मित्र आहेत, त्यांचं थोडं ऐकाल?"

त्याने लॅपटॉप जोडला, गिटार घेतली. आईच्या पाळण्याभोवती त्याने काहीतरी विणलं होतं. खाली त्याच्या गावचा नाचाचा ठेका, वर चर्चच्या ऑर्गनसारखे लांब सूर, आणि मधोमध आई. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. मला रडू येत होतं, हे मला आज लिहायलाच हवं, कारण त्या दिवशी मी ते कुणाला कळू दिलं नाही.

संपल्यावर सगळे गुरुजींकडे पाहू लागले. गुरुजींनी बशीत चहा ओतला. "बरं आहे," ते म्हणाले. "म्हणजे श्रीखंडात सांबार घातल्यासारखं. दोन्ही चांगलं असतं हो, वेगवेगळ्या वाटीत." हशा पिकला. त्या हशाने खुलून ते पुढे म्हणाले, "आणि मध्ये त्या बाईंचं रडगाणं कशाला? दूध उतू गेलं म्हणून का?"

सगळे खो खो हसले. गुरुजींना काही ठाऊक नव्हतं. ती माझी आई आहे हे मला, माझ्या बायकोला आणि त्याला एवढ्यांनाच ठाऊक होतं. बायको ट्रे घेऊन वर गेली होती. मी यजमान होतो, गुरुजी पाहुणे होते, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी चांगला मोठ्याने हसलो.

"काय म्हणाले?" त्याने माझ्या कानाशी विचारलं.

आपल्याकडे या गोष्टीला भीड म्हणतात. पाहुण्याचा मान राहावा, मित्राचं मन राहावं, आणि आपण कुठेच उघडे पडू नये. मी म्हणालो, "त्यांना फार आवडलं. म्हणाले, यात आत्मा आहे. हसले ते दुधामुळे. तुला त्यांचा आशीर्वाद आहे."

त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. तो उठला, आधी इतरांना करताना पाहिलं होतं तसा वाकला आणि त्याने गुरुजींच्या पायांना हात लावला. गुरुजी गोंधळले, पण हात डोक्यावर ठेवला. माझ्या खोट्यावर शिक्का बसला.

त्यानंतर त्याने त्या पाळण्यावर एक तासभराची रचना बांधली. ग्रंथालयांत, कॉलेजांत, चर्चमध्ये ती वाजवली. दर वेळी सुरुवातीला तो सांगायचा, की एका थोर भारतीय गवयाने या संगीताला आशीर्वाद दिला. मी पहिल्या रांगेत बसून ऐकायचो. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. दर वेळी गाडीत तो इतका आनंदात असायचा, की मी हीटर वाढवायचो आणि रस्त्याबद्दल बोलायचो.

मग आमच्याच मराठी मंडळाने त्याला दिवाळीला बोलावलं. त्याने स्टेजवर येऊन "जेवलास का?" म्हटलं, लोक खूश झाले. मग त्याने आशीर्वादाची गोष्ट सांगितली. माझ्या मागच्या रांगेत एक काकू शेजारणीला कोपराने ढोसत म्हणाल्या, "अगं, तेच ना ते, श्रीखंडात सांबार?" आणि दोघी पदराआड हसत राहिल्या.

त्याच्याकडे गिटार शिकणारी, इथेच वाढलेली एक मराठी मुलगी गुरुजींच्या त्या बैठकीला होती. कार्यक्रमानंतर पार्किंग लॉटमध्ये तिने त्याला सहज सांगितलं, त्या गाणाऱ्या आजोबांचा तो सांबारचा आणि त्या बाईंच्या रडगाण्याचा जोक किती फनी होता ना! तिला वाटलं, त्याला माहीतच असणार.

तो माझ्या गाडीपाशी आला. ओरडला नाही. "असं म्हणाले ते?"

"हो."

"आणि आईबद्दल?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"तू हसलास?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. इतर सगळं तर उघड झालंच होतं. मी म्हणालो, "नाही."

तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून गेला. ती रचना त्याने पुन्हा कधी वाजवली नाही. ठरलेले दोन कार्यक्रम कॅन्सल केले. पुढे तो एका रेस्टॉरंटमध्ये लोकांच्या फर्माइशी वाजवतो, असं कानावर आलं.

माझं काम गाड्यांमधला नको असलेला आवाज शोधण्याचं. त्यासाठी कंपनीत एक खोली आहे, तिच्या भिंती सगळा आवाज पिऊन टाकतात. आत उभं राहिलं की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. त्या खोलीत मला आई ऐकू येऊ लागली. आधी गुणगुणणं, मग विसरलेल्या शब्दाची जागा, आणि नेमकं त्या जागी माझं हसणं. सहकारी बाहेरून काचेवर टकटक करून विचारायचा, सापडला का आवाज? घराच्या चारी बाजूंना आता लॉन आहे, शेजाऱ्याची भिंत नाही. तरी मी जिन्यावर थांबून भिंतीला कान लावल्याचं बायकोने दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई तुझ्यावर रागावली नसती रे. पण त्याच्याशी तू खोटं बोललायस. तिकडे जा."

गेल्या वसंतात कळलं, की तो कायमचा ब्राझीलला परत जातोय. शनिवारी दुपारी मी त्या जुन्या अपार्टमेंटवर गेलो. तो खोकी बांधत होता. केस पांढरे झालेले, डाव्या हाताची बोटं जरा आखडलेली. त्याने मला आत घेतलं, खुर्ची नव्हती म्हणून एका खोक्यावर बसवलं. सवयीने विचारलं, "जेवलास का?" आणि लगेच तोंड फिरवलं.

मी गाडीत बरीच वाक्यं जुळवली होती. भीड म्हणजे काय, यजमानाची पंचाईत काय असते, हे सगळं. त्यातलं काही बोललो नाही.

मी म्हणालो, "मी हसलो होतो. तू पार्किंग लॉटमध्ये विचारलंस तेव्हा नाही म्हणालो, ते खोटं होतं. सगळ्यांबरोबर हसलो, मोठ्याने हसलो, ती माझी आई आहे हे माहीत असून हसलो. आणि त्याआधी तुझं ऐकताना मला रडू येत होतं, तेही तुला सांगितलं नाही. गुरुजींच्या नावाने जे मी सांगितलं ते माझं मत होतं, पण माझ्या नावाने सांगायची माझी हिंमत नव्हती. तू चोर नव्हतास. तू आमच्या घरातला होतास. माझं चुकलं. मला माफ कर."