टायरात ठेवायची हवा

“सगळी काढा मुसाभाई. थोडी जरी राह्यली तं वर विमानात फुटंल!”

पप्पा सांगत होते. केजच्या स्टँडजवळचं पंक्चरचं दुकान, बाजूला चहा पीत उभी चार-पाच माणसं, आणि मधे उलटी टाकलेली माझी माउंटन बाईक. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासकट दोन वर्षांच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडला निघणार होते.

मुसाभाईंनी व्हॉल्व्ह दाबला. हवेबरोबर पांढरे थेंब उडाले.

“सर, ह्याच्यात ट्यूबच न्हाई. नुसतं दूध हाय.”

“मंग सायकल कशाला म्हणता? म्हैस म्हणा की!” चहा पिणाऱ्यांतला एकजण म्हणाला. सगळे हसले, पप्पाही.

ते दूध म्हणजे सीलंट. काटा टोचला की ते भोकात जाऊन घट्ट होतं. ट्यूबलेस टायर रिमला धरून राहतो तो आतल्या हवेच्या जोरावर. म्हणून विमानात नेताना हवा कमी करायची, पण थोडी आत ठेवायची. सगळी काढली तर टायरची कड सुटू शकते. हे मला माहीत होतं, त्यावरचे व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले होते. पण गावातल्या निम्म्या लोकांना विज्ञान शिकवलेल्या पप्पांना चार माणसांत “असं नसतं” कसं म्हणायचं? मी हँडल धरून उभी राहिले.

मुसाभाईंनी टायर चिमटीत दाबून पाहिला. “झाला पापड.”

इथे खोलीवर खोकं उघडलं तेव्हा दोन्ही टायर रिमवरून निसटले होते. आईने धक्का लागू नये म्हणून त्यांच्याभोवती माझा स्वेटर गुंडाळला होता. सगळं दूध त्याच्यावर वाळून रबर झालं होतं.

असा टायर परत बसवायला एका दमात भरपूर हवा लागते. हातपंपाने ते होईना. मुसाभाईंच्या कंप्रेसरवर ‘फट्’ करून बसला असता. इथलं सायकलचं दुकान दहा मिनिटांवर आहे. मी दोनदा दारापर्यंत गेले. आत काउंटरवर रेलून लोक गप्पा मारत होते, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. काचेतली हेल्मेटं बघून मी परत आले. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे इंग्रजी येतं. अनोळखी माणसाशी बोलणं मात्र कुठल्याच माध्यमात शिकवत नाहीत.

दर रविवारी पप्पा विचारायचे, “सायकल काय म्हणती?”

“मस्त, पप्पा.”

टेकडीवर चालत जाऊन वरून दिसणाऱ्या रस्त्याचा फोटो काढायचा आणि सायकलवर आले म्हणून पाठवायचा. पप्पा तो शाळेत सगळ्यांना दाखवायचे. मग बाकीचंही तसंच होत गेलं. मैत्रिणी? भरपूर. जेवण? सगळे मिळून करतो. तुमच्यापैकी जे बाहेर पडले, त्यांना हे ‘मस्त’ ओळखीचं असेल. जे घरी राहिले, त्यांनी त्याच्यावर फार विश्वास ठेवू नये.

गेल्या रविवारी पप्पा म्हणाले, “आगं, चालवतानाचा एक व्हिडिओ धाड. मुसाभाई रोज इचारतेत, आपल्या हातची सायकल तिथं कशी पळती म्हणून.”

मी भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. फोटो एकटीने काढता येतो. सायकल चालवतानाचा व्हिडिओ काढायला दुसरं माणूस लागतं. पाच महिन्यांत जमवलेली नावं मी मनात चाळली. एकाही दारावर टकटक करून “जरा फोन धरतेस का?” म्हणता आलं नसतं.

“आता कावून गप बसली गं?” मागून आईचा आवाज आला.

मी लहानपणापासून गप्पच असायचे. घरात ते चालून जायचं, कारण कधीतरी कुणीतरी असं विचारायचंच. इथे पाच महिने मी गप्प आहे आणि कुणाच्या ते लक्षातही आलेलं नाही. ‘कावून गप बसली’, म्हणजे का गप्प बसलीस, असं विचारणारी ही दोन माणसं, एवढंच आता माझं घर आहे. आणि त्यांच्याशीही मी दर रविवारी मनात वाक्य जुळवून, तपासून बोलत होते.

सवयीने पुन्हा जुळवायला गेले. “मस्त”च्या पुढे काही सुचेना.

“सायकल बंद हाय, पप्पा,” मी म्हणाले. “आन् व्हिडिओ काढायला कुणीच न्हाई. लई एकटं वाटतंय.”