ताडपत्रीखालचा हिवाळा

मुलाचा फोन आला की मी आयुष्यभर एकच वाक्य बोललो. "हां, आईला देतो." तो हॉस्टेलवर होता तेव्हाही हेच, पुढे कॅनडात नोकरीला गेला तेव्हाही हेच. बायको भाजीला वगैरे गेलेली असली तर थोडी भर घालायचो, "आई बाहेर गेलीय, आली की करायला सांगतो." एवढं बोललं की बापाचं काम झालं, अशी माझी समजूत. त्याचीही काही तक्रार नव्हती. आईला तो अगंतुगं करायचा आणि मला अहोजाहो. अहोजाहोवाल्या माणसाशी कोण किती बोलणार?

मग बायको गेली. त्यानंतरच्या पहिल्या काही फोनांना मी सवयीने "हां, आईला..." इथपर्यंत पोचायचो आणि तिथेच अडकायचो. पलीकडे तोही अडकायचा. दोघं आपापल्या देशात फोन कानाला लावून उभे. त्यातून आम्हाला माशांनी सोडवलं.

मासे त्याचेच. मुंबईत चारकोपला सेक्टरमध्ये आमचं बैठं घर आहे आणि मागे वाळत घातलेले कपडे एकमेकांना चिकटतील एवढं अंगण. कॉलेजात असताना त्याने तिथे खड्डा खणला, एका मिस्त्रीला पटवून सिमेंटचा हौद बांधून घेतला आणि कुर्ल्याहून फुगवलेल्या पिशव्यांमधून चार कोई जातीचे शोभेचे मासे आणले. एक नारिंगी, एक पांढरा, एक काळ्या ठिपक्यांचा आणि एक धड कुठल्याच रंगाचा नाही असा. मी तेव्हा डासांची पैदास या विषयावर जोरदार भाषण दिलं होतं. मासे डासांच्या अळ्या खातात हे मला त्या भाषणानंतर कळलं. माझी बरीचशी माहिती मला भाषणानंतरच मिळते.

बायको असेपर्यंत हौद तिच्याकडे होता. ती गेल्यावर माझ्याकडे आला. एका रविवारी मुलाने अडखळत विचारलं, "मासे कसे आहेत?" मी म्हटलं, बरे आहेत. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी जरा सजवून सांगितलं. भिंतीवर खंड्या येऊन बसतो, त्याच्या अंगावर मी छत्री उघडतो, तो उडून शेजाऱ्याच्या टाकीवर बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो. मुलगा हसला. तेव्हापासून माझा आठवडा रविवार संध्याकाळसाठी माल गोळा करण्यात जायला लागला. पांढऱ्या माशाने शेपटी जरा वेगळी हलवली तरी ती मी जपून ठेवायचो. हौदात हवा सोडणारा पंप बंद पडला की मला मनातून बरं वाटायचं, कारण त्यावर दहा वाक्यं सहज निघत. माशांखेरीज आम्हाला बोलायला काहीच नव्हतं. मासे आहेत तोवर फोन आहे, हे मी पक्कं ओळखून होतो.

अशात थंडी आली. आमच्याकडची थंडी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. वॉचमन पुठ्ठे जाळून शेकत बसतो, कुठल्या तरी सहलीत घेतलेले स्वेटर कपाटातून बाहेर येतात आणि दुपारी घाम आला की कमरेला बांधले जातात. पण त्या वर्षी पहाटे खरंच बोचायला लागलं. मी माकडटोपी चढवली आणि हौदाशी उभा राहून विचार केला की मला टोपी आहे, यांचं काय? पाण्याचं तापमान मोजलं पाहिजे. घरात थर्मामीटर होता, ताप बघायचा, आकडे दाखवणारा, बायकोच्या आजारपणातला. मी काठावर ओणवा होऊन तो पाण्यात धरला. पिप् पिप् झालं आणि पडद्यावर आकडा आलाच नाही. नुसतं 'लो' आलं.

दुसऱ्या दिवशी लो. तिसऱ्या दिवशी लो.

रविवारी मी बातमी दिली. पाणी एकदम लो झालंय, रोज सकाळी मोजतोय.

"लो म्हणजे किती?"

"आकडाच येत नाही रे, इतकं."

मग त्याचा आवाजच बदलला. ऑफिसात माणसं त्याला अशा आवाजात ऐकत असतील. त्याने सांगितलं की आधी खाणं बंद करा, थंडीत माशांना पचत नाही, पोटात सडतं. ते तळाशी जाऊन झोपतात, त्यांना झोपू द्या. पंप बंद ठेवा, म्हणजे वरचं गार पाणी खाली जाणार नाही. हौद झाका, फक्त हवेला एक कोपरा उघडा ठेवा. तो बोलत होता आणि मी "हो, बरं, हो" म्हणत होतो. इतका वेळ, इतकं सलग तो माझ्याशी कधी बोललाच नव्हता. फोन ठेवल्यावर मला स्टेजवर शाल-श्रीफळ मिळाल्यासारखं वाटत होतं.

पावसाळ्यातली निळी ताडपत्री काढली, हौदावर पसरली आणि कडेला विटा ठेवल्या. ते बघून भिंतीवरून शेजाऱ्याचं डोकं वर आलं. हा माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच रिटायर, मूळचा मालवणकडचा. मासा या विषयातला त्याचा सगळा अभ्यास ताटातला.

"काय रे, माश्यांका मफलर घालूचो रवलो मां?"

मी त्याला थंड प्रदेशातल्या माशांची पचनसंस्था समजावून सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्याच्या घरी मार्गशीर्ष पाळतात, महिनाभर मासा बंद, त्यामुळे तुझे मासे तसेही निर्धास्त झोपतील.

ते झोपले मात्र नाहीत. मी सकाळ-संध्याकाळ कोपरा उचलून बघायचो तर चौघंही पाण्याच्या वर तोंडं काढून आ करत असायचे. याला झोप म्हणायचं कसं? मी बराच विचार केला आणि माझ्या बुद्धीप्रमाणे निष्कर्ष काढला की बिचारे कुडकुडतायत. मग गीझरचं गरम पाणी बादलीत काढून, काठाकाठाने, हळदीकुंकवाच्या दुधासारखं जपून ओतलं. पुढे ते रोजचंच झालं. रविवारी मुलाला कळवलं. तो घाबरला. गरम पाणी नको, बाबा, त्यांना झटका बसेल. खाणं देत नाही ना?

"एक दाणा नाही."

"गुड."

त्या 'गुड'वर मी आठवडा काढला. माझ्या मुलाने मला गुड म्हटलं होतं. मासे माझ्याकडे तोंड उघडून बघत होते आणि मी त्यांना ताडपत्रीखाली ढकलून आत जाऊन चहा पीत होतो.

संक्रांतीला भर दुपारी मागे फडफड झाली. एक कापलेला पतंग येऊन ताडपत्रीवर पडला होता. एरवी मी हौदाशी पहाटे आणि दिवेलागणीलाच जायचो, टोपी घालून. पतंग उचलायला हात खाली घातला तर ताडपत्रीचा चटका बसला. चटका. जानेवारीत. मी वीट सरकवून एक बाजू उचलली आणि आतून कोंदट, गरम वास आला. पांढरा आणि ठिपक्यांचा आडवे होऊन तरंगत होते. उरलेले दोघं उघड्या कोपऱ्याशी तोंडं वर करून एकमेकांना चिकटलेले.

मी पाण्यात हात घातला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. रोज थर्मामीटर घालत होतो, हात एकदाही घातला नव्हता. आंघोळीला कढत नको, कोमट हवं असं म्हणतो ना आपण, तसं पाणी होतं.

शेजारी पतंगाच्या निमित्ताने भिंतीशी आलाच होता. माझं तोंड बघून तो फाटकातून आत आला. दोघांनी मिळून ताडपत्री ओढून काढली, पंप लावला. मेलेले मासे मी कुंड्यांच्या मागे कढीपत्त्याखाली पुरले. तो बाजूला कमरेवर हात ठेवून उभा होता. हसला नाही.

"अरे," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यां चारकोप आसा. कॅनडा न्हय."

मग जाता जाता पाण्यात थोडी हळद टाक म्हणाला. ते ऐकलं असतं तर उरलेले दोघं निम्मे शिजायच्या तयारीला लागले असते. म्हणजे अज्ञानात मी एकटाच नव्हतो, तेवढाच आधार.

घरात येऊन मी थर्मामीटर घेतला. नळाच्या पाण्यात धरला, लो. माठात धरला, लो. सकाळचा उरलेला चहा होता, त्यात धरला, लो. आमटीतही घातला, तीही लो. शेवटी जिभेखाली धरला तेव्हा त्याने आकडा दाखवला. माणसाच्या अंगाएवढी ऊब असली तरच तो आकडा देतो, त्याच्या खाली सगळं जग त्याला लो. मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि माझ्या घरात आकडा येईल असं माझ्याखेरीज काहीच नव्हतं.

आता रविवार. कुर्ल्याला जाऊन तसेच दोन आणावेत असं आधी वाटलं, पण त्याने पिशवीतून आणलेले मासे तो कुठूनही ओळखेल. दुसरा विचार जास्त सोपा होता. मासे झोपलेत म्हणायचं. थंडीत झोपतात हे त्यानेच सांगितलंय. होळीपर्यंत झोपवून ठेवता आले असते. मी आरशासमोर "मस्त झोपलेत रे" म्हणून पाहिलंही. आवाज बरा येत होता. पण होळीनंतर काय? आणि खरं सांगितलं तर तरी काय? दोन माशांवर किती रविवार निघणार? आणि ज्याने त्याचे मासे मारले त्याला तो फोन तरी का करेल?

फोन आला. "झोपले का मासे?" त्याने विचारलं.

"दोन गेले रे," मी म्हटलं.

मग सगळंच सांगितलं. ताडपत्री, बादल्या, पतंग. थर्मामीटरचं सांगायचं नव्हतं, पण तेही निघून गेलं.

"ताप बघायचा थर्मामीटर?"

"हो."

तिकडून एक आवाज आला. हसला की काय झालं ते मला कळेना. मग तो म्हणाला, "बाबा, चूक माझी आहे. मला थंडी म्हटलं की इथलीच आठवते आता. आणि मला यातलं काही येत नाही. इथे माझ्याकडे साधी बाटलीसुद्धा नाही माशांची. मी शनिवारी बसून वाचायचो, इथली लोकं हिवाळ्यात तळं कसं सांभाळतात ते. म्हणजे रविवारी तुम्हाला सांगायला काहीतरी असेल."

मी उगाच चष्मा काढला आणि परत घातला.

"बाबा, डिसेंबरात आपण पंखा बंद करायचो का?"

"नाही रे. एकवर असायचा. तुझी आई पांघरूण डोक्यावरून ओढायची आणि आतून ओरडायची, पंखा बंद करू नका, डास येतील."

"हो का," तो म्हणाला. "मला काही केल्या आठवत नव्हतं."

या घरात तो लहानाचा मोठा झाला, याच पंख्याखाली. मला वाटत होतं तो फक्त तिकडे राहायला गेलाय.

उरलेले दोघं सुधारले. उन्हात येतात, दाणे टाकले की झडप घालतात. खरं सांगायचं तर मुंबईच्या हिवाळ्यात हौदातल्या माशांना माणसाची काहीच गरज नसते. खाणं घाला, पंप चालू ठेवा आणि हात मागे बांधून उभे राहा. माशांच्या दृष्टीने हे उत्तम. माझ्या दृष्टीने वाट लागली.

पुढच्या रविवारी त्याने विचारलं, मासे? मस्त, म्हटलं, खातायत. पंप? चालू. खंड्या? येतो. झालं. विषय संपला. अशा वेळी मी म्हणतो, "बरं, ठेवू?" या वेळी ते तोंडावर आलं होतं, पण म्हटलं नाही. तोही म्हणाला नाही. मागे हौदाचा पंप बुडबुडत होता, तेवढाच आवाज.

"तुझ्या खिडकीतून काय दिसतं रे?" मी विचारलं.

त्याने व्हिडिओ चालू केला आणि फोन खिडकीकडे फिरवला. पांढरं. सगळीकडे तेच. मधे एक खांब, फुगवट्यांखाली गाड्या असाव्यात, आणि कुणी नसलेला रस्ता.

"माणसं कुठायत?"

"रविवारी सकाळी नसतात. तशी कधीच फारशी नसतात."

मी खुर्ची ओढून बसलो. इकडे अंधार पडत होता, दिवा लावायला उठायचं राहून गेलं. आम्ही दोघं तो रस्ता बघत राहिलो. खूप वेळाने एका टोकाकडून एक माणूस कुत्र्याला घेऊन आला, हळूहळू खांबापर्यंत गेला आणि चौकटीच्या बाहेर निघून गेला.

"गेला," मी म्हटलं.

"हं. रोज जातो."

"ओळखतोस?"

"नाही."

"कुत्र्याचं नाव तरी विचार त्याला एकदा."

"विचारतो," तो म्हणाला, आणि फोन तसाच खिडकीकडे धरून ठेवला.