लेकीचा 'काल' आणि आमचे पत्रे

मंडळी, झाशीहून लिहितोय. आज दुपारी आंधी आली आणि आमच्या वरच्या खोलीचे पत्रे घेऊन गेली. एक शेजारच्या तिवारीजींच्या टाकीवर पडलाय, बाकीचे कुठे गेले देव जाणे.

दर उन्हाळ्यात पत्र्यांचे बोल्ट मीच आवळायचो. रेल्वेच्या कारखान्यात जन्म गेला, पाना हातात बसलेला. यंदा गुडघे जिना चढू देईनात, म्हणून लेकीला सांगून ठेवलं होतं.

आज सकाळी विचारलं, "बोल्ट आवळलेस का गं?" मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "काल." मी निर्धास्त चहा प्यायलो.

दुपारी वरच्या खोलीवर उघडं आभाळ आणि तिथल्या गादीवर बोटभर धूळ. मी ओरडलो, "काल आवळलेस ना?"

ती रडकुंडीला आली. "बाबा, कल म्हणजे... कल करूंगी!"

तिचा 'काल' उद्याचा होता. तिच्यावर चिडू कसा? घरात मराठी बोलणारा मी एकटाच उरलोय, आणि अर्धा वेळ मीही हिंदीच बोलतो.

मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, "कल देखते हैं, बाबूजी." पश्चिमेला आभाळ परत पिवळं पडलंय.

तुमच्या घरची पोरं अजून 'उद्या' म्हणतात का?