रक्षक श्रेणी

खिंडार मावशीचे पुढचे दोन दात पडले तेव्हा ती जेवण वाढत होती. एका पेशंटने स्टीलची थाळी आडवी फिरवली आणि काम झालं. मावशी रक्त थुंकली, त्या बाईला मागून घट्ट मिठी मारली आणि तिच्यासकट फरशीवर बसली. पेशंट दमून झोपेपर्यंत लाथा-बुक्क्या खाल्ल्या. डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडले. तेव्हापासून सगळे तिला खिंडार म्हणू लागले, आणि तीही ओ देऊ लागली.

सरकारी मनोरुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डातल्या सगळ्याच मदतनीस जिन्यावरून पडायच्या. कुणाचा कान फाटायचा, कुणाच्या दंडाचा लचका जायचा, कुणाची केसांची बट मुळासकट उपटली जायची आणि दोष बिचाऱ्या जिन्याचा. वॉर्ड तळमजल्यावर होता. पण एवढं लक्षात यायला सरकारला डोकं हवं ना!

खोटं बोलायला कारण होतं. मारल्याची नोंद झाली की त्या पेशंटला कोठडीत नेऊन पट्ट्यांनी बांधत. मावशीला ते बघवायचं नाही. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची, ‘‘मिठी मारायची, मार खायचा आणि तोंड बंद ठेवायचं. वेडी झाली म्हणून बाई जनावर होत नाही.’’

भिंतीपलीकडे पुरुषांचा वॉर्ड. मावशीचा नवरा तिथे रक्षक होता. त्यांच्याकडे पट्टे, शिट्ट्या आणि साध्या ओरखड्याचीही नोंद. म्हणून त्यांना रक्षक श्रेणी, धोका भत्ता, जखमी झालं तर पगारी रजा. बायकांची श्रेणी मात्र घरकामाची, पगार निम्मा.

‘‘तुम्ही नुसत्या वेण्या घालता. आम्ही जिवावर उदार होतो,’’ नवरा जेवताना म्हणायचा.

‘‘एवढे उदार आहात तर ताट धुवा की आपलं,’’ मावशी म्हणायची. हसण्यावारी जायचं.

मग धाकटीचा डोळा गेला. धाकटी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात नवी मदतनीस. एका पेशंटने चमच्याचा दांडा तिच्या डोळ्यात खुपसला. मावशीने दोन्ही हातांनी चेहरा दाबून धरला तरी बोटांमधून रक्त यायचं थांबेना. रजा बिनपगारी झाली, भरपाई नाकारली गेली. उत्तर आलं की घरकामात असा धोका नसतो. ते उत्तर धाकटीने एका डोळ्याने वाचलं. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने वॉर्डातल्या सगळ्या बायका गोळा केल्या आणि श्रेणीविरुद्ध तक्रार दाखल केली.

सुनावणीला श्रेणी ठरवणारे साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘मारामारी होते म्हणता. मग नोंद कुठे आहे?’’

स्वतःच्याच हाताने पुरावा पुसत आल्या होत्या सगळ्या. साहेब वॉर्ड बघायला आले, त्या दिवशी तर मदतनिसांनी सकाळपासून एकेका पेशंटला इतकं गोंजारलं होतं की वॉर्डात माशी उडाली तरी ऐकू यावी. साहेबांनी चहा घेतला आणि ‘घरकाम’ म्हणून शेरा मारून गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अपील केलं. साहेब शेवटचं एकदा येणार होते.

त्या वॉर्डात शिवणबाई होती, एकेकाळची शिवणकामाची शिक्षिका. निळ्या कापडाची एक पट्टी घेऊन ती दिवसभर नसलेल्या सुईने टाके घालत बसायची. त्या पट्टीला कुणी हात लावला की ती समोरच्याचा जीव घ्यायला उठायची. वर्षानुवर्षं मावशीने ती पट्टी सांभाळली होती. स्वतः धुऊन, तिच्या डोळ्यांसमोर वाळवून परत द्यायची. शिवणबाई मावशीखेरीज कुणाच्या हातून जेवायची नाही.

साहेब आले. घड्याळ बघत खाटांमधून चालू लागले. दारापाशी धाकटी उभी होती, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. आणि हात पुढे करून शिवणबाईच्या मांडीवरून ते कापड ओढून घेतलं.

शिवणबाई क्षणभर रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मग उठली. लोखंडी स्टूल उचलून तिने ते सरळ समोरच्या खाटेवरच्या पेशंटच्या तोंडावर घातलं. जबडा फुटल्याचा आवाज झाला. साहेब पळायला वळले तेवढ्यात तिने त्यांना खाटेवर पाडलं आणि कान दातांत धरला. साहेब किंचाळत होते. शर्ट लाल झाला. सगळ्या मदतनीस मावशीकडे बघत होत्या. हीच मिठी मारायची वेळ. मावशी जागची हलली नाही. नीट बघू दे त्याला, असं तिच्या मनात आलं.

धाकटीने धावत जाऊन भिंतीपलीकडून रक्षकांना बोलावलं. मावशीचा नवरा सगळ्यात पुढे होता. त्याने शिवणबाईच्या बरगडीत गुडघा घातला, हात पाठीमागे ओढला आणि पिरगाळला. कडकन हाड मोडलं. तरी तो पिरगाळतच राहिला. आता कुठे मावशी ओरडली, ‘‘अहो, सोडा! सोडा तिला!’’ तोवर पट्टे आवळून झाले होते.

श्रेणी मिळाली. स्वतःचा कान तुटला की माणसाला दुसऱ्याचं ऐकू येतं. धाकटीला भरपाई मिळाली, सगळ्यांना भत्ता लागू झाला. धाकटी मावशीच्या गळ्यात पडून रडली. रात्री नवरा म्हणाला, ‘‘आलीस बाई बरोबरीला.’’ मावशीला त्याच्या हातांकडे बघवेना. खरं तर तिला स्वतःच्याच हातांची किळस आली होती.

शिवणबाईला कोठडीतून परत वॉर्डात आणलं तेव्हा मावशी जेवण घेऊन तिच्या खाटेशी गेली. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मावशीने घास पुढे केला.

शिवणबाईने तोंड उघडलं नाही. तिने आपला धड हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर मनगट नीट टेकवून ठेवलं.

‘‘आधी बांध,’’ ती म्हणाली. ‘‘मग भरव.’’