कामिनी सिस्टरची शांत खोली

कामिनी पाटील माझी विद्यार्थिनी. वर्गात ती कधी पहिली आली नाही, पण कुणी रडायला लागलं की त्याच्याशेजारी जाऊन नुसती बसायची. आता ती सरकारी दवाखान्यात नवजात बाळांची परिचारिका आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या रंजनाबाईंची सून मोहिनी तिथे बाळंत झाली. दुसऱ्या दिवसापासून बाळ थरथरू लागलं. रडणं चिरकं, दूध तोंडात धरेना. कामिनीनं जवळ बसून विचारलं तेव्हा कुठे मोहिनी बोलली. अपघातात पाय मोडल्यापासून दुखण्याच्या कडक गोळ्या चालू होत्या, त्या सुटल्याच नाहीत. पोटातल्या बाळालाही त्यांची सवय झाली होती. जन्मताच त्या मिळायच्या बंद झाल्या, म्हणून ही थरथर.

अशी बाळं पूर्वी आईपासून दूर, लख्ख दिव्याखाली ठेवत. कामिनी प्रशिक्षणात वेगळं शिकून आली होती. डॉक्टर नवनीत यांना तिनं ते पटवलं, चादरींची खोली रिकामी केली, खिडकीला जाड पडदा लावला आणि बाळाला मोहिनीच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना गुंडाळलं.

डॉक्टर म्हणाले, "बघू या. पण बाळानं दूध घेतलं नाही, तर औषध सुरू करून धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल." मोहिनीचे उपचारही त्यांनी सुरू केले. अंगावर पाजायला त्यांची हरकत नव्हती.

मी डबा घेऊन गेलो, तर नातू सुनेजवळून स्वतःकडे मागत रंजनाबाई दारात तणतणत होत्या.

"पोऱ्याले मन्हाजोडे द्या सिस्टर! हाई गोया खानारीजोडे नको."

"मावशी, पोऱ्यानं औषध त हाईच शे," कामिनी मोहिनीकडे बोट दाखवत म्हणाली. "औषधनी बाटली फेकी देसू का मी?"

"मंग तुले पगार कसाना?"

"बाटलीवर लक्ष ठेवाना!"

रंजनाबाईंना हसू आवरेना, पण राग गेला नव्हता.

बाळ चोखायचं, सोडायचं, पुन्हा थरथरायचं. कामिनी वाटी-चमच्यानं थोडं थोडं दूध पाजत राहिली. मोहिनी मांडी मोडत नव्हती. मग एका दुपारी बाळानं पोटभर घेतलं आणि गाढ झोपलं. डॉक्टरांनी वजन पाहिलं, धुळ्याचं नाव काढलं नाही.

मोहिनीला जेवायला उठवून कामिनीनं बाळ रंजनाबाईंच्या छातीवर दिलं. त्या आधी अवघडल्या. तेवढ्यात त्यांचा भाऊ बन्सीलाल मोठमोठ्यानं बोलत आत आला.

"हयू बोल ना!" रंजनाबाई कुजबुजत खेकसल्या. "पोऱ्या झोपी ऱ्हायना. आन् मोहिनीले जेवू दे."

बन्सीलाल चपला हातात घेऊन बाहेर आला. कामिनी वॉर्डातल्या पुढच्या खाटेकडे वळली होती. मी वॉर्डबॉयला थांबवून सांगितलं, "ती सिस्टर आहे ना, आमच्या शाळेची."