कर्ण जुळले होते

बाबा गवंडी. "सूतभरही हलता कामा नये" हे त्यांचं पालुपद, म्हणून कामावर सगळे त्यांना सूतभर मिस्त्री म्हणत. खोली आखताना ते चारी बाजू टेपने मोजायचे. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी ताणून दोन्ही कर्ण. तरीही समाधान नाही, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचे.

मी नववीत होते. आयताचे कर्ण समान असतात, हे प्रमेय नुकतंच शिकले होते.

"बाबा, एवढा खटाटोप कशाला? कर्ण सारखे आले की झाला आयत."

"पुस्तकात आहे?"

"आहे ना. सिद्ध केलंय."

तेव्हापासून त्यांनी बाजू मोजणं सोडलं. गुण्या पिशवीतच राहू लागला. "आमची लेक सांगते," म्हणत ते इतरांनाही शिकवायचे.

एका बंगल्याचा दिवाणखाना असाच आखला. पुढच्या दोन खुंट्या टेपने मोजून ठोकल्या, मागच्या दोन कर्ण जुळेपर्यंत सरकवल्या. भिंती झाल्या, स्लॅब पडला. मग फरशीवाला आला आणि दोन्ही कडांच्या फरश्या त्याला तिरप्या कापाव्या लागल्या.

"मिस्त्री, खोली बांधलीत की सूप?"

मागची भिंत चार इंच आखूड भरली. बाबा सगळ्यांदेखत पुन्हा पुन्हा दोरी ताणत राहिले. "कर्ण बघा ना, सारखे आहेत." शेवटी ठेकेदाराने दोरी त्यांच्या हातातून काढून घेतली.

पुन्हा कुणी त्यांना आखणी दिली नाही. ज्यांना शिकवलं त्यांच्याच हाताखाली ते गिलावा करू लागले. नाव पडलं चारइंची. घरी मात्र त्यांनी मला कधी दोष दिला नाही.

कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला उमगलं. 'आयत असेल तर कर्ण समान' हे खरं म्हणून त्याचं उलटं आपोआप खरं होत नाही. ते वेगळं विधान, त्याला वेगळी सिद्धता लागते. सरांनी फळ्यावर उदाहरण काढलं: कर्ण समान, एक बाजू आखूड. तोच दिवाणखाना.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बोटांवरचं सिमेंट खरवडत बसले होते.

"उलटं धरून चालायचं नाही, एवढंच ना?" ते म्हणाले. "ते मला ठाऊक होतं. उगाच मोजायचो का चारी बाजू?"

"मग सोडलं का?"

"तू शिकलेली. पुस्तकात आहे म्हणालीस." मग म्हणाले, "म्हणजे पुस्तकच चुकलं म्हणायचं."

"हो," मी म्हणाले.

पुस्तकात बरोबरच होतं.