गेम वाईट म्हणली म्हणून दारात यायचं?

गेमला वाईट म्हणलं म्हणून कुणाच्या दारात यायचं असतं का? मी प्राचीची आई लिहितेय, तिच्याच चॅनलवर.

हातात धरून गेम खेळायच्या कन्सोलची स्क्रीन उन्हात दिसते का, हे दाखवायला पोरीनं गच्चीवर व्हिडिओ केला आणि गेमला दहापैकी तीन मार्क दिले. मागं शेजारच्या बिल्डिंगची पाटी दिसत होती.

आज दुपारी एक माणूस गेटशी आला. "मावशी, बिडकीनहून आलोय. तीन मार्क देणारी इथंच राहते ना?"

मी म्हणलं, "नाय."

तो हसला. "आवाज तर वरून तिचाच येतोय." आणि गेला.

तवापासून मी गेटला कुलूप लावून बसलेय. पोर म्हणते, "व्हिडिओ डिलीट करणार नाय. खोटं बोलले का मी?" उद्या ती एकटी कॉलेजला निघंल.

तो हे व्हिडिओ बघणाऱ्या तुमच्यातलाच कुणीतरी आहे. कोण आहे, ते मला आज रात्रीच सांगा.